अपुऱ्या स्मरणाचा वाचक

संतकविता शिकवताना नाममुद्रेचा प्रश्न टाळता येत नाही. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव येते आणि त्या नावाच्या आधारावर आपण ती रचना त्या कवीच्या खात्यावर मांडतो. हा आधार किती डळमळीत आहे, हे गाथांच्या कोणत्याही चिकित्सक अभ्यासकाला ठाऊक असते. नामदेवांच्या नावावर मोडणाऱ्या अभंगांत विष्णुदास नामा या सोळाव्या शतकातील कवीची रचना मिसळलेली आहे. 'नामा' ही मुद्रा दोघांचीही, त्यामुळे निवाडा करायचा तो भाषेवरून आणि संदर्भांवरून. तुकोबांच्या गाथेत प्रक्षिप्त अभंग किती, हा वाद तर जुनाच आहे. आणि खुद्द तुकोबांच्या हयातीत सालोमालो नावाचा कोणी गृहस्थ त्यांच्या अभंगांतील मुद्रा काढून तिथे स्वतःची घालीत असे. तुकोबांनी अभंगांतूनच त्याला फटकारले आहे. पुढे 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटामुळे हा सालोमालो घरोघरी पोचला.

गेली वीस वर्षे आम्ही दोघे एका जिल्ह्याच्या गावी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि नाममुद्रेवरचा हा तास आम्ही आळीपाळीने घेत आलो आहोत. हा प्रश्न आम्हांला पाठचिकित्सेचा, म्हणजे कागदावरचा वाटे. तो मसाल्याच्या दोन पुड्यांच्या रूपाने आमच्यापुढे येईल आणि त्यावर एका बाईंचे पोट आणि सात जणींचा रोजगार अवलंबून असेल, असे कधी वाटले नव्हते.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या आई गावातच गोडा मसाला, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी करून विकतात. २००७ साली स्वयंपाकघरातील एका कढईवर सुरू झालेला हा व्यवसाय आज दोन खोल्यांत चालतो. भाजणारी, निवडणारी, दळणारी आणि पुड्या भरणारी अशा सात बायका तिथे कामाला आहेत. मालाला एक नाव आहे. ते नाव आणि माणसांची नावे येथे देणे उचित नव्हे. म्हणून त्याच घडणीचा एक शब्द नमुन्यादाखल घेतो. समजा, ते नाव 'सुगरण' आहे, आणि पिवळ्या पुडीवर तांबड्या किनारीत सुगरण पक्ष्याच्या खोप्याचे चित्र आहे. हा शब्द आमचा, निव्वळ उदाहरणाचा. या नावाने कोणाचा धंदा असल्यास त्याचा या हकिगतीशी काही संबंध नाही.

२०१४ पासून सहा वर्षे एका व्यापाऱ्याने शेजारच्या तीन तालुक्यांत या मालाचे वाटप केले. पुढे हिशेबावरून बिनसले आणि व्यवहार थांबला. २०२२ मध्ये त्याच तीन तालुक्यांत 'सुग्रणी' नावाची पुडी दिसू लागली. रंग पिवळा, किनार तांबडी, चित्र खोप्याचेच. फक्त बाईंच्या पुडीवर पक्षी खोप्याच्या डावीकडे आहे, इथे तो उजवीकडे होता. भाव किलोमागे चाळीस रुपयांनी कमी. बाईंना हे कळले ते एका गिऱ्हाइकाच्या संतापातून. मेतकुटात किडे निघाले म्हणून एक आजोबा बाजाराच्या दिवशी पुडी घेऊन त्यांच्या दारात आले आणि चार माणसांदेखत त्यांना नाही नाही ते बोलले. बाईंनी पुडी हातात घेतली, उलटी करून पत्ता वाचला आणि "आजोबा, ही आमची नाही," एवढेच म्हणाल्या. आजोबांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांच्या दृष्टीने ती तीच पुडी होती.

दोन चोऱ्यांतला फरक इथे ध्यानात घ्यायला हवा. सालोमालोने दुसऱ्याची वस्तू घेतली आणि तिच्यावर आपले नाव घातले. यालाच आपण वाङ्मयचौर्य म्हणतो. या व्यापाऱ्याने उलट केले. वस्तू आपली ठेवली आणि तिच्यावर दुसऱ्याचे नाव घातले. वाङ्मयचौर्यात मूळ कर्त्याचे श्रेय जाते. या दुसऱ्या प्रकारात त्याच्या माथी नसता दोष येतो, आणि तो केव्हा, कोठे आला हे त्याला कळतही नाही. गाथेतील एखाद्या सामान्य प्रक्षिप्त अभंगावरून कोणी तुकोबांच्या कवित्वाची पारख करावी, त्यातला हा प्रकार. विडंबनाचीही गोष्ट वेगळी. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मधील कवितांची मौज मूळ कविता कोणाची हे वाचकाने ओळखण्यावर अवलंबून आहे. नकली पुडीचा सारा नफा मात्र गिऱ्हाइकाने फरक न ओळखण्यावर अवलंबून असतो.

बाईंच्या वकिलांनी आम्हांला बोलावणे धाडले ते भाषेसाठी. 'सुगरण' आणि 'सुग्रणी' हे शब्द मराठी माणसाच्या कानाला कितपत सारखे लागतात, यावर एक टिपण त्यांना हवे होते. आम्ही उत्साहाने व्युत्पत्तीपासून सुरुवात केली. 'सुगृहिणी'पासून 'सुगरण', बोलताना मधला अकार गळून 'सुग्रण', त्याला ईकार लागून 'सुग्रणी' असे पान-दीड पान आम्ही लिहिले. वकिलांनी ते शांतपणे वाचले आणि आमच्या हाती सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ सालचा एक निकाल ठेवला.

तो निकाल 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांचा आहे. 'अमृतधारा' विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रसिद्ध. 'लक्ष्मणधारा' त्यानंतरचे, उत्तर प्रदेशात खपणारे. उच्च न्यायालयाने या शब्दांचे अर्थ पाहिले होते: एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची, मग घोटाळा होईलच कसा? सर्वोच्च न्यायालयाने ही दृष्टी नाकारली. औषध विकत घेणारा माणूस समासाचा विग्रह करीत बसत नाही. तो सामान्य बुद्धीचा असतो, फारसा सावध नसतो आणि मूळ नावाचे त्याचे स्मरण अपुरे असते. त्याच्या कानावर पडतो तो शब्दाचा एकूण नाद. म्हणून ही नावे फसगत होण्याइतकी सारखी आहेत, असे न्यायालयाने ठरवले.

हे वाचून आमचे दीड पान आम्हीच बाजूला सारले. आयुष्यभर आम्ही ज्या वाचकाची कल्पना करून शिकवले, तो काव्यशास्त्रातला 'सहृदय' होता. त्याचे मन अभ्यासाने आरशासारखे स्वच्छ झालेले असते, त्याला सूक्ष्म भेद कळतात, व्यंजना त्याच्यापर्यंत पोचते. कायद्याने कल्पिलेला वाचक याच्या नेमका उलट आहे. तो घाईत आहे, त्याच्या एका हातात पिशवी आहे, चष्मा घरी राहिला आहे, आणि गेल्या महिन्यात आणलेल्या पुडीचे एक पुसटसे चित्र तेवढे त्याच्या डोळ्यांपुढे आहे. कायदा त्याला हसत नाही, 'नीट पाहून घ्यायचे होते' असे बजावतही नाही. त्याच्या अपुऱ्या स्मरणाला तो प्रमाण मानतो. बाजारातून पुडी घेऊन आलेले ते आजोबा आमच्या डोळ्यांपुढे आले. साहित्यशास्त्रात त्यांना स्थान नव्हते; इथे सारा निवाडा त्यांच्याच नजरेवर होणार होता.

पुढच्या काही आठवड्यांत आम्ही असे बरेच निकाल वाचले आणि, सांगायला हरकत नाही, त्यांत रमलो. पारले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनावरचा १९७२ सालचा निकाल तर वर्गात वाचून दाखवावा असा आहे. एका वेष्टनावर शेतवाडीत पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. दुसऱ्यावर डोक्यावर गवताचा भारा नि हातात विळा घेतलेली मुलगी, भोवती पुन्हा गाई आणि कोंबड्या. फरक मोजायला बसले तर दहा सापडतील. न्यायालयाचे म्हणणे असे की दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजायचेच नाहीत, कारण दुकानात गिऱ्हाइकापुढे ती अशी शेजारी ठेवलेली नसतात. त्याच्या मनावर उमटलेला एकूण ठसा काय, तेवढेच पाहायचे. व्यापाऱ्याच्या पुडीवरचा पक्षी उजवीकडे का गेला होता, हे आम्हांला तेव्हा उमगले. २००१ सालच्या एका निकालात, दोन औषधांच्या नावांच्या संदर्भात, न्यायालयाने आणखी एक गोष्ट बजावली आहे: हा देश अनेक भाषांचा आहे, इथे वाचता न येणारे ग्राहक मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा इंग्लंडमधील ग्राहकाला लावलेली कसोटी इथे जशीच्या तशी चालणार नाही.

परंतु नावे सारखी आहेत एवढ्याने भागत नव्हते. खरी अडचण पुढेच होती. 'सुगरण' हा शब्द कोणाचा? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार (तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला) वस्तूचा गुण किंवा प्रकार नुसता वर्णन करणारे शब्द सहसा कोणा एकाच्या नावे नोंदता येत नाहीत. व्यवहारात रुळलेल्या शब्दांचेही तेच. हे योग्यच आहे. 'आजी', 'काकू', 'घरगुती', 'गावरान' हे शब्द उद्या कोणी स्वतःच्या नावे करून घेतले तर उरलेल्यांनी बोलायचे काय? मराठीचे अध्यापक या नात्याने आमचा कल तर शब्द मोकळे राहावेत याच बाजूला होता. वकिलांना मात्र टिपणात असे वाक्य हवे होते की हा शब्द मसाल्यांच्या संदर्भात असाधारण आहे. तसे आम्हांला लिहिता येईना. चांगल्या स्वयंपाक करणाऱ्या बाईला महाराष्ट्रात सगळेच सुगरण म्हणतात. मसाल्याच्या पुडीवर तो शब्द येणे यात असाधारण काय?

आम्ही हे बाईंच्या कानावर घातले. त्या रागावतील अशी आमची अपेक्षा होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "शब्द माझा नाही हे मलाही कळतं, सर. पण आता बाजारात लोक मला त्याच शब्दानं हाक मारतात. माझं खरं नाव निम्म्या गावाला माहीत नाही."

या एका बोलण्याने आमची वाट मोकळी केली. शब्दाचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद आपण शिकवतो. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले; पण चिखलात बेडूकही जन्मतो आणि शेवाळही, त्यांना कोणी पंकज म्हणत नाही. व्युत्पत्तीने व्यापक असलेला शब्द रूढीने एकाच वस्तूवर येऊन स्थिरावला, तो योगरूढ. वर्णनपर शब्द दीर्घ वापराने एकाच व्यापाऱ्याच्या मालाचा निदर्शक झाला असेल, तर तो नोंदणीला आणि संरक्षणाला पात्र ठरतो, असे कायदाही म्हणतो. गावात एखादी सून दुकानदाराला "पाव किलो सुगरण द्या" असे म्हणते, तेव्हा तिच्या तोंडी तो शब्द विशेषण उरलेला नसतो. तो शब्द कोशात सगळ्यांचा आहे. त्या पेठेत मात्र तो एका बाईचा झालेला आहे. आमच्या टिपणातले मुख्य विधान हेच ठरले, आणि ते आम्ही निःशंक मनाने लिहू शकलो.

तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध हलव्याची कथा आम्हांला याच सुमारास कळली. तेथील नेल्लैयप्पर मंदिरासमोर १९०० पासून चालत आलेले एक दुकान आहे. त्यात उजेड नसे, एखाद्या दिव्यावर काम चाले, म्हणून लोक त्याला 'इरुट्टुकडै', म्हणजे अंधारे दुकान, म्हणू लागले. नाव मालकाने ठेवलेच नव्हते. ते गिऱ्हाइकांनी दिले. पुढे दुसऱ्या कोणी त्या नावाआधी गावाचे नाव जोडून आपला हलवा विकायला काढला आणि त्या नावाची नोंदणीही मिळवली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीपेक्षा श्रेष्ठ आहे. बाईंना या निकालाचा फार आधार वाटला, कारण त्यांच्यापुढेही तोच पेच होता. त्यांनी नावाची नोंदणी कधी केली नव्हती आणि त्या व्यापाऱ्याने 'सुग्रणी'साठी अर्ज करून ठेवला होता.

येथे कायद्याची मांडणी थोडक्यात सांगणे उपयोगाचे होईल, कारण आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी असे लहान व्यवसाय आहेत. नोंदणी केलेली नसली तरी नावाचे संरक्षण मागता येते. मात्र तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आपल्या नावाला बाजारात लौकिक आहे. दुसऱ्याच्या वागण्याने आपला माल त्याचा वा त्याचा माल आपला असा गैरसमज होतो आहे. आणि त्यामुळे आपले नुकसान झाले आहे किंवा होऊ घातले आहे. नोंदणी असली की हा भार पुष्कळच हलका होतो, शिवाय आपण जिथे राहतो वा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. नोंदणी नसलेल्याला ही खास सवलत नाही. नोंदणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती व लघुउद्योगांना त्यासाठी एका वर्गाला ४५०० रुपये पडतात, इतरांना ९०००. मसाले तिसाव्या वर्गात मोडतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. कोणाचा अर्ज स्वीकारला गेला की तो व्यापारचिन्हांच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत कोणालाही हरकत घेता येते. हे चार महिने चुकले की काम अवघड होते. बाईंच्या वकिलांनी ती मुदत गाठली.

हरकतीच्या अर्जाला पुरावा लागतो, आणि तो तारखेचा लागतो. आपण आधीपासून हे नाव वापरतो, हे कशावरून? जुनी बिले वाळवीने खाल्ली होती. बचत गटांच्या प्रदर्शनांच्या पावत्या होत्या, पण त्यांवर बाईंचे नाव होते, मालाचे नव्हते. पहिल्या पुड्या तर साध्या प्लास्टिकच्या; त्यांवर डकवलेल्या चिठ्ठ्या कोण जपून ठेवणार? अशा वेळी आमच्यापैकी एकाला आठवले की आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाला गावातले दुकानदार जाहिराती देत असत. आम्ही ग्रंथालयात गेलो. बांधणीच्या वेळी जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत बहुतेक ग्रंथालयांत आहे. साहित्य राहिले म्हणजे झाले, अशी आपली समजूत असते. २००८ च्या अंकाची पाने गेलेली होती. २००९ च्या अंकात, बांधणी करणाऱ्याच्या कृपेने, ती शाबूत होती. शेवटून तिसऱ्या पानावर पाव पान जाहिरात: नाव, खोप्याचे चित्र, भाजणी आणि मेतकूट, बाईंचा पत्ता. त्याच अंकात आमच्यापैकी एकाचा दलित आत्मकथनांवरचा लेख आहे. तो पंधरा वर्षांत कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही. जाहिरातीचे पान मात्र ग्रंथपालांच्या शिक्क्यानिशी प्रतिज्ञापत्राला जोडले गेले.

आमच्या टिपणाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. वकिलांनी त्यातल्या सहा पानांतून तीन परिच्छेद घेतले, 'योगरूढ' हा शब्द गाळला आणि त्याऐवजी अकरा दुकानदारांची प्रतिज्ञापत्रे जोडली. त्यांत एकाने लिहून दिले होते की 'सुगरण' मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण त्या दोन वर्षांत अनेकदा 'सुग्रणी' दिली आणि कोणी तक्रार केली नाही. या एका कबुलीचे वजन आमच्या सगळ्या भाषाशास्त्राहून अधिक होते.

दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न झाला, आणि तिथे व्यापाऱ्याची बाजू आम्ही प्रथमच ऐकली. तोवर तो आमच्या लेखी सालोमालो होता. तो म्हणाला, "या तीन तालुक्यांत ही पुडी कोणी पोचवली? सहा वर्षं मोटारसायकलवर पोती बांधून मी हिंडलो. बाई कधी त्या गावांना गेल्यासुद्धा नाहीत. नाव त्यांचं असेल, पण ते तिकडं कोणाच्या पायांनी गेलं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. त्याचे उत्तर कायद्यात आहे: वाटप करणाऱ्याच्या मेहनतीने वाढलेला लौकिक मालाच्या धन्याच्या पदरी पडतो, कारण लोकांनी विश्वास टाकला तो पुडीतल्या मालावर, पुडी आणणाऱ्यावर नव्हे, आणणाऱ्याला त्याचे कमिशन मिळालेले असते. वाङ्मयातही आपण असेच मानतो. परंपरा सांगते की संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, कीर्तनकारांनी ते गावोगाव नेले. त्यांचे ऋण सगळे मानतात, पण मुद्रा तुकोबांचीच राहिली. तरीही त्या माणसाच्या बोलण्यातली सल आम्हांला जाणवली. पोचवणाऱ्याचे नाव कोठेच लागत नाही, ही गोष्ट न्याय्य असली तरी सुखाची नाही. मात्र सहा वर्षांच्या श्रमाची भरपाई त्याने ज्या मार्गाने करून घेतली, तिची किंमत मेतकुटातल्या किड्यांच्या रूपाने त्या आजोबांनी आणि चारचौघांतल्या अपमानाच्या रूपाने बाईंनी मोजली. त्याने पुडीवर स्वतःचे आडनाव घातले असते तर त्याला कोणी अडवले नसते. आपल्या नावाने प्रामाणिकपणे धंदा करण्याला कायदाही आड येत नाही.

प्रामाणिकपणा हा शब्द या कायद्यात पुन्हा पुन्हा येतो. दोघांनी एकच वा सारखे नाव प्रामाणिकपणे, स्वतंत्रपणे वापरले असेल तर दोघांचीही नोंदणी होऊ शकते, अशी तरतूद त्यात आहे. 'अमृतधारा'च्या खटल्यातही शेवट असाच झाला. नावे फसवी ठरण्याइतकी सारखी आहेत हे मान्य करूनही, 'लक्ष्मणधारा' वर्षानुवर्षे उघडपणे खपत होते आणि मूळ मालकाने ते चालू दिले होते, हे पाहून न्यायालयाने त्याची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती कायम ठेवली. विष्णुदास नामा हा आम्हांला आता असाच प्रामाणिक सहवापरकर्ता दिसतो. त्याचे नाव खरोखरच नामा होते. घोटाळा केला तो काळाने आणि संग्राहकांनी. चोर कोण आणि नामसाधर्म्याचा धनी कोण, हे शब्दांकडे पाहून कळत नाही. हेतू पाहावा लागतो. आणि हेतूचा माग लागतो तो डावीकडून उजवीकडे नेलेल्या पक्ष्यासारख्या खुणांतून.

२०२४ मध्ये तडजोड झाली. व्यापाऱ्याने नाव, खोप्याचे चित्र आणि रंगसंगती सोडण्याचे लिहून दिले, आपला अर्ज मागे घेतला. शिल्लक माल खपवण्यासाठी त्याला दोन महिने मिळाले. नुकसानभरपाईची मागणी बाईंनी सोडून दिली. वकिलांना ते फारसे रुचले नाही. बाई म्हणाल्या, "त्याच्याकडंही दोन पोरं कामाला आहेत. मला माझं नाव परत मिळालं, पुरे." तीन तालुक्यांपैकी एकातली विक्री मात्र अजून पूर्वपदावर आलेली नाही. दुकानदार म्हणतात, लोक आता दोन्हींबद्दल साशंक आहेत. नाव परत मिळते. त्यावरचा विश्वास कागदावर सही करून परत देता येत नाही, हे या प्रकरणात दिसून आले.

त्यानंतर बाईंनी स्वतःचा नोंदणीचा अर्ज केला. अर्जासोबत शब्दाचा इंग्रजी अर्थ द्यावा असे वकिलांनी सुचवले आणि ते काम पुन्हा आमच्याकडे आले. आम्ही दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. पक्ष्याचे नाव लिहिले तर स्वयंपाकघर सुटते. कुशल गृहिणी लिहिले तर तो शब्द पुन्हा वर्णनपर होतो आणि पक्षी उडून जातो. शेवटी आम्ही दोन्ही अर्थ लिहिले आणि बाईंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "यात मसाल्याचं काही नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली. अर्ज अद्याप विचाराधीन आहे. आमच्या ग्रंथालयात मात्र वार्षिकांक बांधायला देताना जाहिरातींची पाने काढायची नाहीत, अशी लेखी सूचना आता लावलेली आहे.